राखीव ई-टपाल सर्व्हर आणि अनाठायी परतपत्रे

कार्यालयाच्या कारभारात आवक-जावक बारनिशीचे स्थान काय असते, हे शासकीय सेवेत चार दिवस काढलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. आलेल्या पत्राची नोंद झाली, त्यावर क्रमांक पडला, की त्या पत्राची जबाबदारी कार्यालयाने पत्करली असे होते. पत्र आपल्या कार्यालयाचे नसेल, तर ते आणणाऱ्याच्या हाती त्याच वेळी परत द्यावयाचे असते. एकदा पोच देऊन ठेवून घेतल्यावर ‘हे आमचे नव्हे’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

पत्रव्यवहाराचा मोठा भाग आता ई-मेलने होऊ लागला आहे. जिल्हा परिषदा, विद्यापीठे, शाळा, सहकारी संस्था आणि अनेक ग्रामपंचायतीही ई-पत्रे पाठवितात व स्वीकारतात. माध्यम बदलले, तरी बारनिशीचा नियम मात्र बदललेला नाही. पत्र दाराशी आले असता ते स्वीकारावयाचे की नाही, याचा निर्णय दारातच झाला पाहिजे. या साध्या नियमाचा विसर पडण्याची शक्यता सर्वांत अधिक असते ती राखीव ई-टपाल सर्व्हर उभारताना. अडचणीच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून केलेली ही सोय, नियोजन नीट नसेल तर, दूरच्या अनोळखी व निरपराध माणसांवर नको असलेल्या पत्रांचा पाऊस पाडू लागते. हे का घडते आणि ते कसे टाळता येते, याची माहिती या लेखात देण्याचे योजिले आहे.

ई-पत्राचा प्रवास

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याचा आणि पत्त्यात ‘ॲट’चे चिन्ह वापरण्याचा पहिला प्रयोग १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी केला. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी या नावाने ओळखली जाणारी नियमावली प्रसिद्ध केली. टपाल हाताळणाऱ्या संगणकांनी, म्हणजे सर्व्हरांनी, एकमेकांशी कसे बोलावे हे या नियमावलीत सांगितले आहे. २००१ आणि २००८ साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तथापि तिचा गाभा आजही तोच आहे.

या संभाषणाचे स्वरूप मोठे उद्‌बोधक आहे. पत्र आणणारा सर्व्हर प्रथम आपली ओळख सांगतो. नंतर पत्र कोणाकडून आले आहे ते सांगतो, मग कोणासाठी आहे ते सांगतो, आणि त्यानंतरच पत्राचा मजकूर सुपूर्द करतो. प्रत्येक पायरीवर समोरचा सर्व्हर तीन आकडी क्रमांकात उत्तर देतो. २५० हा आकडा मान्यता दर्शवितो. ४५० सारखा चारापासून सुरू होणारा आकडा ‘आत्ता जमत नाही, नंतर या’ असे सांगतो. ५५० सारखा पाचापासून सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार होय.

मजकूर घेऊन झाल्यावर सर्व्हरने २५० असे उत्तर दिले, की त्याने त्या पत्राची जबाबदारी स्वीकारली, असे ही नियमावली स्पष्टपणे मानते. यानंतर त्याने ते पत्र इच्छित स्थळी पोहोचविले पाहिजे किंवा पोहोचविता आले नाही असे प्रेषकास कळविले पाहिजे. हे कळविणारे पत्र म्हणजेच ‘बाउन्स’. या लेखात आपण त्यास परतपत्र म्हणू.

राखीव सर्व्हर कशासाठी?

एखाद्या संस्थेचे टपाल कोणत्या सर्व्हरकडे न्यावे, याची नोंद इंटरनेटच्या नामपद्धतीत केलेली असते. तीस एमएक्स नोंद म्हणतात. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी या नोंदींच्या वापराचे नियम लिहिले. एका संस्थेसाठी अशा अनेक नोंदी करता येतात व प्रत्येकीस प्राधान्याचा एक अंक जोडलेला असतो. ज्या सर्व्हरचा अंक लहान, त्याचे दार आधी ठोठवावयाचे. मुख्य सर्व्हरला १० आणि राखीव सर्व्हरला २० असे अंक दिले असतील, तर मुख्य सर्व्हर बंद पडल्यावर टपाल राखीव सर्व्हरकडे जाते. तो ते आपल्या रांगेत सांभाळून ठेवतो आणि मुख्य सर्व्हर पुन्हा सुरू होताच त्याच्या स्वाधीन करतो.

ज्या काळात ही पद्धत रूढ झाली, त्या काळात तिची निकड मोठी होती. भारतात १९८६ साली अर्नेट या शैक्षणिक व संशोधन जाळ्याचे काम सुरू झाले. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, पाच आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था अशा संस्था त्यात सामील होत्या. सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. दूरध्वनीच्या तारेवरून अधूनमधून जोडणी होत असे, त्या दिवसांत आपले टपाल कोणीतरी सांभाळून ठेवणे आवश्यकच होते.

आज परिस्थिती निराळी आहे. पत्र पाठविणारा सर्व्हर पहिल्याच प्रयत्नात हार मानत नाही. समोरचे दार बंद आढळल्यास पत्र रांगेत ठेवून तो पुनःपुन्हा प्रयत्न करतो. दोन प्रयत्नांत किमान ३० मिनिटांचे अंतर असावे आणि निदान चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावेत, असे नियमावली सुचविते. म्हणजे मुख्य सर्व्हर शनिवारी बंद पडून सोमवारी सुरू झाला, तरी राखीव सर्व्हर नसताना देखील बहुतेक पत्रे सुखरूप येऊन पोहोचतात. यास्तव राखीव सर्व्हर हवाच काय, हा प्रश्न प्रत्येक संस्थेने प्रारंभीच स्वतःला विचारणे इष्ट ठरेल.

अर्थात राखीव सर्व्हर निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. काही सर्व्हरांवर पुनःप्रयत्नांची मुदत बरीच कमी ठेवलेली असते. शिवाय मोठी आपत्ती सांगून येत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि उपनगरांतील अनेक भागांत वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. अशा प्रसंगी दूरच्या शहरात, निराळ्या वीजवाहिनीवर आणि निराळ्या इंटरनेट जोडणीवर ठेवलेला राखीव सर्व्हर हा मोठा आधार ठरू शकतो. मात्र तो मुख्य सर्व्हरच्या शेजारच्याच खोलीत ठेवला, तर एकाच पुरात दोन्ही बुडतील, हे उघड आहे.

परतपत्र जाते कोठे?

आता मूळ समस्येकडे वळू. कागदी पाकिटावर पाठविणाऱ्याच्या जागी कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. टपाल खाते ते तपासून पाहत नाही. ई-पत्राचेही तसेच आहे. १९८२ सालच्या नियमावलीत प्रेषकाची खातरजमा करण्याची कोणतीच व्यवस्था नव्हती. फसवणुकीची किंवा जाहिरातबाजीची पत्रे लाखोंनी सोडणारे लोक, ज्यांना आपण स्पॅम पाठविणारे म्हणतो, या उणिवेचा पुरेपूर फायदा घेतात. ते प्रेषकाच्या जागी भलत्याच माणसाचा पत्ता घालतात.

समजा, एखाद्या स्पॅमवाल्याने एका शिक्षिकेचा पत्ता प्रेषक म्हणून वापरला आणि एका जिल्हा संस्थेच्या नावावर अटकळीने रचलेल्या पाच हजार पत्त्यांवर पत्रे सोडली. त्यांतील बहुतेक पत्ते अस्तित्वातच नाहीत. संस्थेच्या राखीव सर्व्हरला हे ठाऊक नसल्याने त्याने सर्व पत्रे २५० म्हणून स्वीकारली. मग ती मुख्य सर्व्हरकडे नेली. मुख्य सर्व्हरने ‘असे कोणी येथे नाही’ असे सांगून ५५० हा आकडा दाखविला. आता पत्रे राखीव सर्व्हरच्या गळ्यात पडली. जबाबदारी घेतलेली असल्यामुळे त्याने नियमाप्रमाणे परतपत्रे लिहिली आणि ती पाकिटावरील प्रेषकाकडे, म्हणजे त्या शिक्षिकेकडे, रवाना केली. त्या बाईंनी एकही पत्र पाठविले नव्हते. तरी सकाळी पत्रपेटी उघडताच त्यांच्यापुढे हजारो परतपत्रांचा ढीग येऊन पडला. पालकांची व शाळेची खरी पत्रे त्या ढिगात दबून गेली.

अशा परतपत्रांना इंग्रजीत ‘बॅकस्कॅटर’ असे नाव आहे. येथे आपण त्यांना अनाठायी परतपत्रे म्हटले आहे. त्यांचा त्रास एका व्यक्तीपुरता राहत नाही. अशी परतपत्रे पाठविणाऱ्या सर्व्हरची नोंद इतर संस्था काळ्या यादीत करतात आणि मग त्या कार्यालयाची खरी, निकडीची पत्रेही ठिकठिकाणी नाकारली जाऊ लागतात. स्पॅम पाठविणारा बाजूला राहतो आणि शिक्षा कार्यालयास व त्याच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्या नागरिकांस भोगावी लागते.

राखीव दारावरच गर्दी का?

मुख्य सर्व्हर चालू असताना राखीव सर्व्हरकडे कोणी फिरकणार नाही, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. स्पॅम पाठविणारे मुद्दाम मोठा अंक असलेल्या राखीव सर्व्हरकडे जातात. वाड्याच्या दिंडीदरवाजावर पहारा कडक असतो, परंतु परसदारी कोणी नसते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झालेले असते. राखीव सर्व्हर एकदा उभारला की त्याच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. त्यावर पत्त्यांची यादी नसते व स्पॅम ओळखण्याची साधने जुनी झालेली असतात. त्यामुळे मुख्य सर्व्हर एक दिवसही बंद न पडता राखीव सर्व्हर मात्र वर्षभर अनाठायी परतपत्रे पाठवीत राहिला, असे घडू शकते.

दारातच नकार

पोहोचविता न येणाऱ्या पत्राचे काय करावे, यास तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग म्हणजे पत्र स्वीकारून मागाहून परतपत्र पाठविणे. त्याचे दुष्परिणाम आपण पाहिले. दुसरा मार्ग म्हणजे पत्र स्वीकारून गुपचूप नष्ट करणे. यात परतपत्राचा उपद्रव टळतो खरा, परंतु एखाद्या शेतकऱ्याने पत्ता लिहिताना एक अक्षर चुकविले असेल, तर आपला अर्ज पोहोचला असेच तो समजून बसतो. मुदत टळून जाते आणि त्यास कळतही नाही. जबाबदारी घेऊन ती बुडविणे हे कोणत्याही कार्यालयास शोभणारे नाही.

तिसरा मार्ग म्हणजे पत्र हाती घेण्यापूर्वीच, प्राप्तकर्त्याचे नाव ऐकताच ५५० म्हणून नकार देणे. निर्दोष मार्ग हाच होय. कारण दारातून नकार मिळाला की पत्राची जबाबदारी आणणाऱ्याकडेच राहते. तो खरा टपाल सर्व्हर असेल, तर तो स्वतःच्या खातेदारास ओळखतो व ‘पत्ता चुकला आहे’ असे त्यालाच कळवितो. तो स्पॅम सोडणारा संगणक असेल, तर नकार ऐकून पुढे निघून जातो. कोणाही तिऱ्हाइतास परतपत्र जात नाही. शेतकऱ्यास आपली चूक वेळेवर समजते आणि शिक्षिकेची पत्रपेटी स्वच्छ राहते.

राखीव सर्व्हरने असा नकार द्यावयाचा, तर मुख्य सर्व्हरवर कोण कोण ‘राहते’ याची नेमकी माहिती त्याच्याजवळ असली पाहिजे. राखीव सर्व्हरची सारी विश्वासार्हता या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

यादी कशी ठेवावी?

उदाहरणादाखल पोस्टफिक्स ही प्रणाली घेऊ. वीत्से वेनेमा या डच संगणकतज्ज्ञाने आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना ती तयार केली व १९९८ साली ती जगास विनामूल्य उपलब्ध झाली. तिच्यात ज्या संस्थांचे टपाल सांभाळावयाचे त्यांची नावे एका ठिकाणी लिहावी लागतात आणि त्या संस्थांतील वैध पत्त्यांची यादी ‘रिले रिसिपियंट मॅप्स’ या नावाच्या नोंदीत दाखवावी लागते. ही दुसरी नोंद कोरी सोडली, तर प्रणाली त्या संस्थेच्या नावाने येणारा प्रत्येक पत्ता वैध मानून स्वीकारते. राखीव सर्व्हर उभारणाऱ्याने नेमकी हीच जागा प्रथम तपासावी.

यादी तयार करताना काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य असे, की यादी हाताने लिहू नये. नवा कर्मचारी रुजू झाला की मुख्य सर्व्हरवर त्याचे खाते उघडले जाते, परंतु राखीव सर्व्हरवर त्याचे नाव घालावयाचे राहून जाते. मग मुख्य सर्व्हर बंद पडल्याच्या दिवशी त्याची खरी पत्रे कायमची नाकारली जातात. म्हणून मुख्य सर्व्हरवरील यादी ठराविक वेळाने, शक्यतो दर तासास, आपोआप राखीव सर्व्हरकडे जाईल अशी योजना करावी. पदनामाचे पत्ते, सामाईक पत्ते आणि गटांचे पत्तेही तीत आले पाहिजेत.

दुसरे पथ्य त्याहून महत्त्वाचे आहे. यादी आणण्याचे काम एखाद्या वेळी फसल्यास जुनी यादी तशीच कायम राहावी. तिच्या जागी रिकामी यादी येऊन बसली, तर राखीव सर्व्हर सगळ्यांनाच नकार देऊ लागेल आणि संकटकाळची सोय हेच संकट होऊन बसेल. नव्या यादीतील नावांची संख्या एकाएकी फार घटलेली दिसल्यास ती लागू न करता व्यवस्थापकास सूचना जावी.

तिसरे पथ्य असे, की आरंभीचे काही दिवस अनोळखी पत्त्यास ५५० ऐवजी ४५० म्हणजे तात्पुरता नकार द्यावा. यादीत काही उणीव राहिली असल्यास ती या काळात नोंदींवरून लक्षात येते आणि एकही खरे पत्र हातचे जात नाही. यादीची खात्री पटल्यावर कायमच्या नकाराकडे वळावे.

चौथे पथ्य म्हणजे ‘नाव कोणतेही असो, पत्र घ्या’ अशी सरसकट मुभा ठेवू नये. अशी मुभा सोयीची वाटली, तरी तिने दारावरचा पहाराच उठतो.

यादी देणे शक्य नसेल तर

काही वेळा राखीव सर्व्हर दुसऱ्या संस्थेचा असतो व पत्त्यांची संपूर्ण यादी तिच्या हाती देणे प्रशस्त वाटत नाही. अशा वेळी राखीव सर्व्हरने प्रत्येक नव्या नावाविषयी मुख्य सर्व्हरकडे त्याच क्षणी चौकशी करावी, अशी सोय पोस्टफिक्समध्ये आहे. मुख्य सर्व्हरने होकार दिला तर पत्र घ्यावयाचे, नकार दिला तर दारातच परत करावयाचे. चौकशीचे उत्तर राखीव सर्व्हर लक्षात ठेवतो. मूळ मांडणीत होकार ३१ दिवसांपर्यंत आणि नकार ३ दिवसांपर्यंत ग्राह्य धरला जातो.

मुख्य सर्व्हर बंद असताना काय होते, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. ज्या पत्त्यांविषयी आधी होकार मिळालेला आहे, त्यांची पत्रे राखीव सर्व्हर स्वीकारतो. ज्यांच्याविषयी काहीच माहिती नाही, त्यांना तो ४५० म्हणून ‘नंतर या’ असे सांगतो. अशी पत्रे पाठविणाऱ्याच्याच रांगेत थांबतात आणि मुख्य सर्व्हर सुरू झाल्यावर येतात. नियमित पत्रव्यवहार असणाऱ्यांची सोय होते, आणि ज्यांच्याविषयी शंका आहे त्यांची जबाबदारीही अंगावर येत नाही.

नकारांच्या उत्तरांवरून कोणते पत्ते खरे आहेत याचा अंदाज स्पॅम पाठविणाऱ्यांना येईल, असा आक्षेप काही जण घेतात. त्यात तथ्य आहे. परंतु एकाच जोडणीवर वारंवार चुकीचे पत्ते सांगणाऱ्याची जोडणी तोडण्याची व्यवस्था सर्व्हरमध्ये करता येते. या अडचणीपायी दार सताड उघडे ठेवणे मात्र समर्थनीय होणार नाही.

दोन्ही दारांना एकच नियम

पत्त्यांची यादी जुळली म्हणजे सारे झाले, असे नाही. राखीव सर्व्हरने घेतलेले पत्र मुख्य सर्व्हरने इतर कोणत्याही कारणाने नाकारले, तरी परतपत्राचा प्रश्न पुन्हा उभा राहतोच. म्हणून जेथे जेथे नकाराचा संभव आहे, तेथे तेथे दोन्ही सर्व्हरांचे नियम एक असले पाहिजेत.

पत्राच्या आकाराची मर्यादा हे त्याचे सोपे उदाहरण होय. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा सुमारे १ कोटी २ लक्ष बाइटांची आहे. मुख्य सर्व्हरवर ती तशीच असेल आणि राखीव सर्व्हरवर कोणी दुप्पट केली असेल, तर मोठी जोडपत्रे राखीव दारातून आत येतील आणि मुख्य दारावर अडतील. स्पॅम ओळखण्याची चाळणीही दोन्हीकडे सारखीच हवी. पत्राचा मजकूर संशयास्पद असेल, तर २५० म्हणण्यापूर्वीच राखीव सर्व्हरने तो नाकारावा.

मुख्य सर्व्हरनेही राखीव सर्व्हरला परका समजू नये. पत्र पाठविणाऱ्या संस्था आपले टपाल कोणकोणत्या संगणकांवरून निघते, हे एसपीएफ नावाच्या नोंदीने जाहीर करतात. या पद्धतीचे नियम २००६ साली प्रसिद्ध झाले व २०१४ साली त्यांस प्रमाणित रूप मिळाले. राखीव सर्व्हरमार्फत आलेल्या पत्राची अशी तपासणी मुख्य सर्व्हरने केली, तर त्यास पत्र राखीव सर्व्हरच्या पत्त्यावरून आलेले दिसते आणि खरे पत्रही खोटे ठरते. म्हणून ही तपासणी राखीव दारावरच करावी आणि मुख्य सर्व्हरने राखीव सर्व्हरकडील टपाल यातून वगळावे. त्या टपालात स्पॅम आढळलेच, तर ते परत न करता प्राप्तकर्त्याच्या संशयित पत्रांच्या कप्प्यात ठेवावे. तसे केल्याने पत्र हरवत नाही आणि कोणास उपद्रवही होत नाही.

भरलेली पत्रपेटी आणि ‘मी रजेवर आहे’ असे आपोआप कळविणारी उत्तरे या दोन बाबींकडेही लक्ष असावे. पेटी भरल्याचा नकार तात्पुरता ठेवून खातेदारास वेळीच सावध करावे. आपोआप उत्तरांविषयी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक नियमांत असे सांगितले आहे, की ज्या पत्रावर प्रेषकाची जागा रिकामी आहे, अशा पत्रास उत्तर देऊ नये. परतपत्रांवर प्रेषकाची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. परतपत्रास पुन्हा परतपत्र जाऊन दोन सर्व्हरांत अखंड वाद जुंपू नये, हा त्यामागील हेतू होय.

चाचणी घ्यावी ती अशी

अग्निशमनाची साधने भिंतीवर टांगून ठेवल्याने आग विझत नाही. अधूनमधून त्यांची रंगीत तालीम घ्यावी लागते. राखीव सर्व्हरचेही तसेच आहे. सुटीच्या दिवशी, पूर्वसूचना देऊन, मुख्य सर्व्हरचे पोर्ट २५ हे बाहेरून येणाऱ्या टपालाचे दार तासभर बंद ठेवावे. मग बाहेरच्या खात्यावरून चार पत्रे पाठवावीत : एक खऱ्या पत्त्यावर, एक अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर, एक मर्यादेपेक्षा मोठे, आणि एक गेल्या आठवड्यात उघडलेल्या नव्या खात्यावर. पहिले व चौथे पत्र राखीव सर्व्हरच्या रांगेत दिसले पाहिजे. दुसरे व तिसरे पत्र दारातच अडले पाहिजे. मुख्य दार पुन्हा उघडल्यावर रांगेतील पत्रे आपोआप पोहोचली, म्हणजे चाचणी यशस्वी झाली.

एरवीही राखीव सर्व्हरच्या रांगेवर आठवड्यातून एकदा नजर टाकावी. पोस्टफिक्समध्ये ‘मेलक्यू’ ही आज्ञा दिली असता रांगेची यादी मिळते. त्या यादीत प्रेषक म्हणून ‘मेलर डिमन’ हे नाव वारंवार दिसू लागले, तर सर्व्हर परतपत्रे लिहीत बसला आहे व ती कोणीच घेत नाही, असे समजावे. अनाठायी परतपत्रांची ती ठळक खूण होय. रांगेत पत्र ठेवण्याची मूळ मुदत ५ दिवसांची असते. मुख्य सर्व्हर त्याहून अधिक काळ बंद राहण्याचा संभव असेल, तर राखीव सर्व्हरवर ती वाढवून घ्यावी. तसे न केल्यास मुदत संपताच खऱ्या पत्रांचीही परतपत्रे निघतील.

कायदा आणि नोंदी

या विषयास कायद्याचीही एक बाजू आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ अन्वये, उभयपक्षी निराळे ठरले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक अभिलेख पाठविणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणक साधनात शिरला की तो पाठविला गेला असे मानले जाते. प्राप्तकर्त्याने त्यासाठी विशिष्ट संगणक साधन नेमून दिले असेल, तर त्यात अभिलेख शिरताच तो मिळाला असे धरले जाते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे माहितीसाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमाद्वारेही विनंती करता येते आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांच्या आत तिचा निकाल लावावा लागतो. अशा स्थितीत, आपणच नेमलेल्या राखीव सर्व्हरने २५० म्हणून स्वीकारलेल्या पत्राविषयी ‘ते आमच्याकडे आलेच नाही’ असे म्हणणे कोणत्याही कार्यालयास जड जाईल.

म्हणूनच राखीव सर्व्हरच्या नोंदवह्या मुख्य सर्व्हरइतक्याच काळजीने जपणे अगत्याचे आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवसांपर्यंत सुरक्षित ठेवणे बंधनकारक करण्यात आले. कोणते पत्र केव्हा आले, स्वीकारले की नाकारले, हे या नोंदींवरून सांगता येते. ई-टपालाची बारनिशी ती हीच.

आपल्यापैकी प्रत्येकास काय करता येईल?

सर्व्हर उभारण्याचे काम तंत्रज्ञांचे असले, तरी त्याचे काम ठरवून देणारे अधिकारी व पदाधिकारी असतात. त्यांनी पुरवठादारास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. राखीव सर्व्हर खरोखरच हवा आहे काय? असल्यास त्याच्याजवळ वैध पत्त्यांची यादी असेल काय, आणि ती किती वेळाने ताजी होईल? आकाराची मर्यादा व स्पॅमची चाळणी दोन्हीकडे सारखी आहे काय? शेवटची चाचणी केव्हा घेतली? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर राखीव सर्व्हर न ठेवणे हेच अधिक श्रेयस्कर. बंद दारापुढे पत्रे पाठविणाऱ्याच्या रांगेत काही दिवस थांबू शकतात. बेसावध दारातून गेलेला उपद्रव मात्र परत बोलावता येत नाही.

शिक्षक, पंचायत सदस्य किंवा कोणीही नागरिक यांस न पाठविलेल्या पत्रांची परतपत्रे एकाएकी येऊ लागली, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रथम आपल्या ‘पाठविलेली पत्रे’ या कप्प्यात ती पत्रे आहेत काय ते पाहावे. तेथे ती नसतील आणि खात्यात अनोळखी प्रवेशाची खूणही नसेल, तर बहुधा आपला पत्ता कोणीतरी प्रेषक म्हणून वापरला आहे, एवढेच झालेले असते. त्या परतपत्रांस उत्तर देऊ नये, त्यांतील जोडपत्रे उघडू नयेत, आणि शंका असल्यास सांकेतिक शब्द बदलावा. ज्या संस्थेचे स्वतःचे डोमेन आहे, तिने एसपीएफची आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या डीमार्क पद्धतीची नोंद करून घ्यावी. त्यामुळे तिच्या नावाने सोडलेली खोटी पत्रे इतरांच्या दारातच ओळखली जाण्याची शक्यता वाढते.

ई-टपालाची ही जगड्‌व्याळ यंत्रणा कोणा एका देशाच्या वा खात्याच्या हुकमतीखाली चालत नाही. आपण घेतलेल्या पत्राची जबाबदारी आपणच पार पाडावी, या परस्परविश्वासावर ती उभी आहे. जे पत्र पोहोचविता येईल तेच स्वीकारावे, जे येणार नाही ते दारातच नम्रपणे नाकारावे, आणि स्वीकारलेले पत्र सुखरूप पोहोचते करावे. गावच्या चावडीपासून मंत्रालयापर्यंत टपालाची जी शिस्त आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो, तीच राखीव सर्व्हर उभारताना पाळली गेली, तर ही सोय अडचणीच्या दिवशी खरोखर उपयोगी पडेल आणि तिचा भुर्दंड कोणा तिऱ्हाइतास सोसावा लागणार नाही.